पाटाला आलेलं जावळ

आमच्या घरात त्या औषधाचा गुण पहिल्यांदा आला तो पाटाला. ज्यांच्या डोक्यासाठी औषध आणलं होतं ते त्याच पाटावर बसायचे, एवढाच त्यांचा आणि गुणाचा संबंध.

डोकं आमच्या ह्यांचं. हे खालापूरच्या कचेरीत पट्टेवाले. गावात बाकी सगळ्यांना शेंडी आणि वर मुंडासं, तेव्हा ह्यांनी भांग पाडायला सुरुवात केलेली. (कचेरीचा पट्टा एक वेळ विसरतील, पण खिशातली फणी नाही!) लग्नात मी पाहिला तेव्हा तो भांग पायवाटेएवढा होता. दोन पावसाळ्यांत त्याची गाडीवाट झाली. फणीत केस, उशीवर केस, एकदा तर आमटीत! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो केस चिमटीत धरून उजेडाला नेला आणि माझ्याकडे पाहिलं. केस आखूड होता म्हणून मी वाचले.

मग कर्जतहून वैद्यबुवा आले. त्यांनी ह्यांच्या डोक्यावरून बोट फिरवलं, डोळे मिटले, आणि काळ्या तेलाची बाटली पुढे ठेवली. माका, जास्वंद, हस्तिदंताची राख आणि काय काय घातलेलं!

"साधं तेल समजू नका," ते म्हणाले. "तळहातावर चोळलंत तर तळहाताला केस फुटतील!"

आत्याबाईंनी बाटलीला हात जोडले. मीही जोडले, आणि जोडलेल्या हातांकडे बघताना माझ्या मनात आलं, की चोळायचं कुणी?

"तू चोळायचं गं," आत्याबाई म्हणाल्या. "पंचमीला तुजा दादा न्यायला येल. तवर ह्याच्या डोक्यावर लव दिसली तर जा माहेरी. नायतर ऱ्हा हितंच!"

माझं माहेर लोधिवलीला. म्हटलं तर जवळ, पण सुनेला माहेर जवळ नसतंच हो. गेल्या पंचमीपासून मी आईचं तोंड पाहिलं नव्हतं. तेव्हा बसले चोळायला. हे न्हाणीजवळ पाटावर बसत, मी मागे उभी.

"जरा जोर लाव की गं!"

"जोर लावला तर हायेत ते बी हातात येतील!"

चोळून झालं की मी धावत सुटायची. राखेनं हात घासायची, पण ते तेल कसलं सुटतंय! डोळ्यांपुढे आपलं एकच: मी भाकरी थापतेय आणि तळहाताचे केस पिठात! शेवटी ह्यांचाच पाट उलटा करून त्याच्या पाठीवर हात खसाखसा पुसायची आणि पाट कोपऱ्यात उभा करायची. दुपारी ओसरीवर हनुवटीला हात लावून पावसाकडे बघत बसायची. आत्याबाई आतून ओरडायच्या, "हनुवटीला हात लावून बसू नगं गं, घराला बरं नसतं!"

ह्यांच्या डोक्यावर काही उगवलं नाही. एका सकाळी मात्र आत्याबाईंनी कोपऱ्यातला पाट उचलला आणि अशी किंकाळी फोडली की मला वाटलं नाग निघाला.

"अगं ए! पाटाला केस!"

खरंच की हो! पाटाच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढे, पांढरे, रेशमासारखे मऊ केस! फुंकर घातली की हलायचे! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. (माझ्या तळहातांचं काय होणार, ह्या भीतीनं तो दिवसभर गेलाच नाही.)

"जावळ हाय गं, जावळ!" आत्याबाईंचे डोळे भरून आले. "मेल्या लाकडाला फुटले, मग माज्या लेकाला का नाय फुटनार?"

खोपोलीच्या घाटात मोटार आली तेव्हा धावली नसतील एवढी माणसं आमचा पाट पाहायला आली. टकल्यांनी मुंडाशी काढून नमस्कार केले. वैद्यबुवाही आले. त्यांनी पाट पाहिला, डोळे चोळले आणि पुन्हा पाहिला. बिचाऱ्यांनी आपल्या तेलाचा गुण जन्मात पहिल्यांदा पाहिला असावा!

"पन पांढरे का वं?" कुणीतरी विचारलं.

"आधी पांढरे येतात," वैद्यबुवा म्हणाले. "मग... काळे."

जावळाची बाजू वर करून पाट देवाजवळ मांडला. हळदकुंकू वाहिलं, भोवती रांगोळी. हे बिचारे जमिनीवर बसून जेवायला लागले. आणि आत्याबाईंनी माझा हात हातात घेतला, "पोरीला हातगुण हाय! आता डोक्याला बी येतील. आता कुटं जातीस माहेरी? हात थांबवायचा नाय!"

झालं! गुण आला तो माझ्याच मुळावर. मी चुलीपुढे बसून रडले आणि भाकरी करपवली.

पंचमीला दादा आला. इरल्यातूनही पार भिजलेला. बायाबापड्यांनी भरलेलं घर आणि मधोमध बसलेले वैद्यबुवा पाहून बावरला. आत येऊन बघतो तर रांगोळी काढलेला, हळदकुंकू वाहिलेला पाट! आता बहिणीच्या सासरी भावासाठी नाही तर कुणासाठी मांडणार?

"कशाला एवडं आत्याबाई!" असं म्हणून तो ओल्या धोतरानं पाटावर बसला.

मी ओरडले, आत्याबाई ओरडल्या, वैद्यबुवा सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. दादा दचकून उठला. पाट गुळगुळीत! जावळ सगळं दादाच्या धोतराला, मागच्या बाजूला!

दादानं मान वळवून पाहिलं, बोटानं खरवडलं, वास घेतला. "बुरशी हाय की ही! आमच्याकडं पावसात पायतानाला येती."

वैद्यबुवा केव्हा उठले आणि केव्हा गेले, कुणालाच कळलं नाही. पण आत्याबाई काही हटल्या नाहीत.

"टक्कल पाडलंस रं माज्या पाटाला! घेऊन जा तुजी भन! भाऊ नुसता बसला तर पाटाचं गेलं, ही रोज चोळती, लेकाचं ऱ्हायलंय तेवडं बी जाईल!"

मी गाठोडं बांधलं ते हसू दाबत. दारात वळून पाहिलं तर हे हळूच विचारत होते, "आये, आता बसू का मी पाटावर?"

त्याला आता जन्म लोटला. ह्यांचं डोकं त्या पाटाहून गुळगुळीत झालं. मीही बुरशीवर विश्वास ठेवून निवांत होते. तर परवा खिडकीशी आरसा घेऊन बसले आणि पाहते तो काय, हनुवटीवर तीन केस! चांगले राठ, काळेभोर!

वैद्यबुवा, जिथं असाल तिथून माफ करा हो. तेल खरं होतं. मीच हात नको तिथं लावून बसले!