चौथं बटण

आमच्या युद्धसंग्रहालयात बंदुका आहेत, एक मोडकी तोफ आहे, बाहेर माळावर जपलेले खंदक आहेत आणि लढाईत पडलेल्यांच्या नावांची लांबलचक भिंत आहे. पण मी तिकीटखिडकीवर बसते, मला विचाराल तर इथे बघण्यासारखं खरं एकच, आमचे मास्तर.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले आणि दुकान मुलाच्या हवाली करून आमच्याकडे पुतळ्यांना कपडे चढवायला आले. पुतळेही एका बंद पडलेल्या कापडदुकानातलेच. त्यातले दोघे कमरेवर हात ठेवून उभे. "लढाईला निघालात की लग्नाला?" असं मास्तर त्यांना रोज विचारतात. संचालिकाबाईंची मास्तरांना एकच ताकीद होती, जुने कपडे नुसते चढवायचे, त्यांना सुई लावायची नाही. मास्तर मान डोलवायचे. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

गेल्या महिन्यात एका जवानाचा कोट पार्सलने आला. बाविसाव्या वर्षी तो याच माळावर पडला होता. त्याच्या ट्रंकेतून घरी आलेला कोट धाकट्या बहिणीने साठ वर्षं जपला आणि आता आपल्यामागे तो सांभाळणारं कोणी नाही म्हणून आमच्याकडे दिला. त्याचं चौथं बटण पिवळ्या दोऱ्याने कसंतरी वाकडं टाचलेलं. मास्तरांच्या हाताला खाज सुटली. दहा मिनिटांत त्यांनी ते उसवून खाकी दोऱ्याने सरळ रेषेत बसवलं आणि पिवळा दोरा केरात टाकला. मला बोलावून दाखवलं, मीही वा वा केलं. त्या पापात माझाही वाटा आहे.

मंगळवारी ती बहीण आली. सत्तरीच्या आजी, हातात काठी. तिकीट घेताना म्हणाल्या, "भावाला बघायला आलेय. चौथं बटण माझं आहे हं. नऊ वर्षांची होते. सुट्टी संपवून दादा निघाला आणि बटण तुटलं. मीच लावून दिलं, माझ्या फ्रॉकच्या दोऱ्याने. आई म्हणाली, उसव ते वाकडं. दादा ऐकेना, तसाच गेला."

खिडकी बंद करून मी मागच्या दाराने मास्तरांकडे धावले. "तुम्ही मूग गिळून गप्प बसा," मी म्हटलं. "काचेतून त्यांना काय कळणार आहे?"

मास्तर उठले. काचेच्या कपाटाची किल्ली आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन दालनात गेले. आजी काचेवर बोट टेकवून बटणं मोजत होत्या. चौथ्यावर थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"मोजू नका, ताई," मास्तर म्हणाले. "मी उसवलं. वाकडं बघवत नाही मला. दोराही टाकला."

आजींनी काचेवरचं बोट काढून घेतलं. मला मास्तरांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांची दयाही येत होती. मास्तरांनी कपाट उघडून पुतळ्याच्या अंगातला कोट काढला, सुईत पिवळा दोरा ओवला आणि आजींपुढे धरला. "पुन्हा लावाल?"

तेवढ्यात संचालिकाबाई आल्या. आता मास्तरांची नोकरी गेलीच, असं मी धरून चालले. बाईंनी कोट पाहिला, सुई पाहिली, आजींकडे पाहिलं. "उभ्याने कशाला?" म्हणाल्या. "खुर्ची आणा कोणीतरी."

आजी खुर्चीत बसून बटण लावू लागल्या. दोनदा सुई बोटात गेली. मास्तरांनी आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. बटण शेवटी लागलं, आणि खोटं कशाला बोलू, फारच वाकडं लागलं.

कोट आजींनी स्वतःच पुतळ्याच्या अंगात चढवला. कॉलर सारखी केली, चारही बटणं लावली.

"दादा, आता मी तुझ्याहून मोठी आहे," त्या म्हणाल्या. "माझं ऐकायचं. पुन्हा तुटलं तर या मास्तरांना सांग. ते वाकडंच लावून देतील."

मास्तर म्हणाले, "देईन, ताई."