निनाईच्या राईतला पाला

तानुबाई गुरव यांची ओळख माझी पुतणी राजेश्वरी हिच्या सासरी झाली. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यावरच्या एका वाडीत तिचे घर आहे आणि तानुबाई तिच्या भिंतीला भिंत लागून राहतात. पतीच्या पश्चात निनाईदेवीची पूजा त्यांच्याकडे आली, त्यासही आता बावीस वर्षे झाली.

देवीचे ठाणे राईत आहे. राई म्हणजे देवीच्या नावाने राखलेले जुने रान. तेथे नाणा, जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडे, आणि त्यांवर चढलेली मांडीएवढी जाड गारंबीची वेल. तेथील काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा वाडीचा नेम होता. झाड पडले तर ते जागीच कुजे. पाल्यात पाऊल घोट्यापर्यंत रुते. राईच्या पायथ्याशी झरा होता आणि चाळीस घरे बारमाही त्याच झऱ्याचे पाणी पीत.

दिग्विजय हा वाडीतलाच, फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. राईतले देवीचे देऊळ नवे बांधून झाले, तेव्हा भोवतीचा पाला त्याच्या डोळ्यांत खुपू लागला.

“आवं काकी, देवीच्या दारात एवढा कचरा! पाव्हणं काय म्हणत्याल?”

“पाव्हणं तुझं हायत रं. तुझ्या अंगणात बसव की त्यास्नी.”

“माझं नका ऐकू. देवीला तरी इचारा.”

देवीला विचारणे म्हणजे कौल लावणे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवायची. उजवे आधी पडले तर होकार. तानुबाईंनी स्नान करून फुले लावली आणि विचारले, “आई, तुझी राई झाडून निर्मळ करावी का?” उजवे फूल लगेच पडले. तानुबाई नमस्कारास वाकल्या.

दोन दिवस सारी वाडी राबली. लोक अनवाणी आले, उपाशीपोटी राबले. कोणाच्याही मनात पाप नव्हते. पाला झाडून जाळला. झुडपांबरोबर हातभर उंचीची रोपेही कोयत्याखाली गेली. देवळापासून झऱ्याच्या वरच्या अंगापर्यंत फरशी बसली. राई आरशासारखी दिसू लागली.

पूर्वी पावसाचे पाणी राईत शिरले की पाल्यात मुरून दिसेनासे होई. त्या पावसाळ्यात ते फरशीवरून खळाळत निघाले आणि खालचा ओढा मातीने लाल झाला. बेडूक ओरडले नाहीत. दुसऱ्या वर्षी जांभळीचा शेंडा वाळला. मुळांखालची माती इतकी गेली, की तेथे हात घालता येऊ लागला. पूजेला जाताना तानुबाई रोज एकच गोष्ट शोधत: नाण्याचे एखादे नवे रोप. एकही दिसत नसे. उभी होती ती सारी म्हातारी झाडे, आणि त्यांच्यामागे कोणी उरले नव्हते.

तिसऱ्या वर्षी माघातच झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. दगडांखाली खेकडे मरून पडलेले सापडले.

“पाऊस कमी झाला, काकी,” दिग्विजय म्हणाला.

“कमी? तुझा पत्रा चार म्हैनं ताडताड वाजत हुता, तवा झोपला हुतास व्हय रं?”

पाण्याला आलेल्या बायका हसल्या. तानुबाई हसल्या नाहीत.

पुढे झऱ्याच्या वर बोअर मारायचे घाटू लागले आणि देवळापुढे बैठक भरली. तानुबाई बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या. परंतु उरलेली धारही त्या बोअरने ओढून घेतली, तर वाडी उठेल, आणि कौल लावणारा हात आपलाच होता, हा विचार त्यांना घास गिळू देत नव्हता. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

“बसा काकी, बोअरचं तुमास्नी काय कळतंय?” दिग्विजय म्हणाला.

“बोअरचं न्हाई कळत. कौल म्या लावला, तेवढं कळतं. देवीला झाडायचं इचारलं. जाळू का, फरशी घालू का, हे म्या इचारलंच न्हाई. चूक माझी हाय.”

दिग्विजयने मान खाली घातली.

“माझं एवढंच मागणं हाय,” तानुबाई म्हणाल्या. “बोअरची गाडी वर आणू नका, झऱ्यावरची फरशी उखडा, आन् पाला पडंल तिथं पडू द्या.”