लोंझोच्या माशाची कापलेली शेपटी

लोंझो प्रुइटचा मासा वजनकाट्यावर ठेवण्याआधी मी त्याच्या घशात बोट घालून बघायची, वजन वाढवायला आत शिसं कोंबलंय का म्हणून. तशी सगळ्यांच्याच माशांना बघायची. टिमन्स तलावावरच्या आमच्या क्लबाचा काटा बावीस वर्षं माझ्या, म्हणजे वर्नाच्या, हातात होता आणि माझा विश्वास फक्त त्या काट्यावर. नवऱ्यावरही नव्हता, आणि ते बरोबरच निघालं.

लोंझो बहात्तरचा. जन्म लाकूडगिरणीत गेला, उजवा खांदाही तिथेच गेला. होडी पत्र्याची आणि इंजिन एवढंसं की बदकं पुढे निघून जातात. बायको, आर्डिथ, वारल्यापासून रविवारचं चर्च चुकलं तरी चालेल, पण शनिवारची स्पर्धा त्यानं कधी चुकवली नाही. वर्षानुवर्षं चौथा-पाचवा यायचा, धक्क्यावरच्या माझ्या दुकानात कॉफी प्यायचा, घरी जायचा. बक्षिसाचं खारवलेलं हॅम, डुकराची अख्खी मांडी, त्याला कधी मिळालं नव्हतं.

आणि या मार्चमध्ये गडी लागोपाठ तीन शनिवार पहिला!

पाणी असं गार की हात घातला तर बोटं बधिर. अशा पाण्यात बास मासा सुस्त पडून असतो, आमिष नाकावरून गेलं तरी ढुंकून बघत नाही. पोरं मोठाली इंजिनं घेऊन तीस-तीस मैल धावली, यंत्राच्या पडद्यावर पाण्याखालचे मासे बघत बसली आणि हात हलवत परत आली. लोंझो मात्र पाच मासे घेऊन हजर, प्रत्येक चार पौंडांचा.

"कशावर धरलेस?" मी विचारलं.

"लाल झिंग्यासारखं रंगवलेलं लाकडी आमिष. ओढायचं, थांबायचं, दहा आकडे मोजायचे, मग पुन्हा ओढायचं. तुम्हा लोकांना तीनच्या पुढे मोजवत नाही, वर्ना."

हसला आणि गेला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. कारण त्या माशांची तोंडं खरचटलेली होती, हनुवटी लालभडक. जाळीच्या पिंजऱ्यात कोंडलेला मासा असाच तोंड घासून घेतो. आदल्या आठवड्यात धरायचे, कुठेतरी पाण्याखाली पिंजऱ्यात ठेवायचे आणि शनिवारी काढून आणायचे. असे महाभाग मी पाहिलेत. म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

आमच्याकडे वजन झालं की मासे माझ्याच धक्क्यावरून जिवंत सोडतात. तिसऱ्या शनिवारी सोडण्याआधी मी ॲप्रनमधली कात्री काढली आणि लोंझोच्या पाचही माशांच्या शेपटीचं वरचं टोक तिरकं कापलं. कुणाला बोलले नाही. म्हटलं, म्हातारा परत येऊन हेच मासे जाळ्यानं उचलून पिंजऱ्यात टाकत असेल तर कळेलच.

चौथ्या शनिवारी त्यानं पिशवी ओतली आणि मी आधी शेपट्या बघितल्या. पाचातल्या दोघांच्या शेपट्या तिरक्या कापलेल्या!

मी चाळीस माणसांपुढे मासा उंच धरला. "ही खूण माझी आहे. गेल्या शनिवारची. आता बोल, लोंझो."

क्लबाचा अध्यक्ष रॉइस हॅडॉक्स म्हणाला, "मिस्टर लोंझो, हे कुठे धरलेत तेवढं सांगा. विषय संपला."

लोंझोनं माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "ते नाही सांगणार," म्हणाला.

"चोर तो चोर, वर शिरजोर," मागून कुणीतरी बोललं. हात वर झाले. लोंझोचं नाव क्लबातून काढलं, तेही जन्मभरासाठी. तो गळकाठ्या उचलून निघून गेला, आणि मी, देवा, त्या दिवशी खूश होते.

मंगळवारी दुकानात शुकशुकाट होता. होड्यांच्या छपरामागे दगडांचा बांध आहे, दुपारभर उन्हात तापणारा. दुकानातून तो दिसत नाही आणि तिकडे कुणी फिरकतही नाही, कारण तेलाचा आणि सांडपाण्याचा वास. मी कचरा टाकायला गेले तर दगडांच्या फटीत लाल झिंगे वळवळताना दिसले. मला लोंझोचं लाल आमिष आठवलं.

काठी आणली. लाल आमिष टाकलं. ओढलं, थांबले, दहा मोजले. चौथ्या फेकीला काठी वाकली. मासा हातात आला तेव्हा त्याची हनुवटी खरचटलेली, दगडांत तोंड खुपसून झिंगे उकरून. आणि शेपटी तिरकी कापलेली.

सोडलेले मासे तीस मैल जातील कशाला? वीस पावलांवर ऊन होतं, खाणं होतं. म्हातारा माझ्या पाठीमागे बसून सरळमार्गानं मासे धरत होता आणि मी त्याला चोर ठरवून बसले होते. माझीच मला लाज वाटली.

तशीच त्याच्या घरी गेले. दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

"मला कळलं कुठे ते. शनिवारी सगळ्यांना सांगते. तुझं नाव परत मिळेल."

"आणि त्यानंतरच्या शनिवारी तिथे वीस होड्या उभ्या राहतील," लोंझो म्हणाला. "या खांद्यानं आणि त्या इंजिनानं मला तेवढीच एक जागा जमते, वर्ना. नाव गेलं तरी मी कोण ते मला ठाऊक आहे. जागा गेली तर मी करू काय?"

चार रात्री मला झोप नाही. शनिवारी मी काट्यापाशी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या काट्यासमोर खोटं बोलले. "शेपट्या मी आधीच्या आठवड्यात नाही, त्याच दिवशी कापल्या. मासे वजनाला आल्यावर. लोंझो जिंकतोय हे मला बघवत नव्हतं."

रॉइसनं माझ्या हातातून काटा काढून घेतला. "बावीस वर्षं ही बाई आपलं वजन करत होती," कुणीतरी म्हणालं, "कुंपणच शेत खात होतं की." त्या दिवसापासून मी कॉफी ओतली तरी लोक कपात डोकावून बघतात.

लोंझोला परत घेतलं. पुढच्या शनिवारी तो दुसरा आला. दुपारी गर्दी पांगल्यावर दुकानात शिरला, स्टुलावर बसला. मी कप पुढे सरकवला. म्हटलं, आता तरी काही बोलेल.

"खोटं बोल असं मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"मग दुसरं काय करणार होते मी?"

"त्या दिवशी मासा उंच धरण्याआधी मला बाजूला घेऊन विचारायचं होतंस. तुला एकटीला सांगितलं असतं मी."

त्यानं कॉफी संपवली, टोपी घातली आणि गेला.