भिंतीवरची चार बोटं

शिवाजी पेठेत आमच्या घराला लागून मैदान आहे. तिथं सगळे फुटबॉल खेळतात. पेठेतली एक पोरगी तेवढी व्हॉलीबॉलवाली. तोच तिचा पोटापाण्याचा उद्योग. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर संघानं तिला घरी पाठवलेलं, एवढंच मला ठाऊक. नाव कधी विचारलं नाही.

रोज सकाळी ती बोटं लाल मातीत घासायची आणि उडी मारून आमच्या भिंतीवर उठवायची. ऑपरेशनआधीची तिची खूण बाल्कनीच्या वीतभर खाली होती. आताची बोटं तिच्याही बरीच खाली उठायची. ती मान वर करून बघायची, गुडघ्यावर थाप मारायची आणि परत उडायची.

दिवाळीत भिंत रंगवताना ती जुनी खूण तेवढी सोड, असं मी रंगाऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं दार वाजवलं.

"काका, ती बी रंगवा की. मला काय तितंच थांबायचं हाय व्हय?"

रंगवली. मग नव्या पिवळ्या रंगावर रोज मातीची बोटं उठायला लागली. बायको अजून धुसफुसते. मी चहाचा कप घेऊन आधी भिंत बघायला जातो.

आता उन्हाळा लागलाय. आज बाल्कनीतून वाकून हात लावला, तर बोटांच्या आणि बाल्कनीच्या मधे माझी वीत मावेना.