असोल्या नारळांची जोडी

वासंती गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरने दिली. तो आमच्या नाटे गावाकडचाच. रत्नागिरीच्या स्टँडवर मला बघून गाडीतूनच ओरडला, “अगो, वासंती गेली. कावीळ झालेली. काल नेली.” शेजारच्या प्रवाशाने कोण म्हणून विचारलं, तर त्याला म्हणाला, “ती हो, नॉर्वेला जाऊन आलेली.” महिना होत आला, पण ते वाक्य माझ्या कानांतून अजून जात नाही. माझी बालमैत्रीण ऐन तिशीत गेली आणि गावाच्या लेखी ती फक्त कुठेतरी जाऊन आलेली होती. तिथून ती काय घेऊन आली, हे कुणी विचारलं नाही... आणि ज्यांना ते ठाऊक होतं, त्यांनीच ते बुडवलं.

आमच्या गावाची शाळा खाडीपलीकडे. रोज तरीतून जायचं-यायचं. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. आमच्याकडे मुलगा जरा कळता झाला की बाप त्याला पाण्यात सोडतो. पाठीला असोल्या, म्हणजे न सोललेल्या, सुक्या नारळांची जोडी सुंभाने बांधायची आणि द्यायचं ढकलून. चार दिवसांत पोरगा हातपाय मारायला लागतो. मुलींना कोण शिकवणार? मुलींनी तरीत मधोमध बसायचं आणि हलायचं नाही, एवढंच आमचं शिक्षण. आम्ही सातवीत असताना एका भरतीला तर कलंडली. मुलगे पोहत काठाला लागले. मला तरवाल्याने वेणीला धरून ओढलं, म्हणून मी हे लिहितेय. वासंतीची धाकटी बहीण सुमन संध्याकाळी सापडली. वासंती त्या दिवशी तापाने घरी होती. गावाने यावर उपाय काय केला? खाडीला नारळ दिला आणि मोठ्या मुलींची शाळा बंद केली. मला मामा रत्नागिरीला घेऊन आला. वासंती बापाशी भांडून, दोन दिवस उपाशी राहून माझ्यामागे आली.

शिकून ती गावात परत गेली, बालवाडी चालवू लागली. ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षं गेली असतील, एका संस्थेने खेड्यातल्या तरुणांना काही महिन्यांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. मुलाखतीला ती माझी साडी नेसून गेली. तोवर चारचौघांत ती मान वर करून बोलत नसे. तिची निवड कशी झाली याचं मला आजही नवल वाटतं. नॉर्वेत ती एका मासेमारीच्या गावात, तिथल्याच एका घरात राहिली. दिवसा लहान मुलांच्या शाळेत काम, संध्याकाळी देशोदेशींच्या मुलांबरोबर बैठक. तिथे प्रत्येकाला आपलं मत सांगावंच लागे. पहिले काही आठवडे ती नुसती रडली. मग एकदा त्या घरची बाई, इंगर तिचं नाव, तिला पोहण्याच्या तलावावर घेऊन गेली. चिमुरड्या पोरी पाण्यात धडाधड उड्या टाकत होत्या. वासंतीने विचारलं, मुलींनाही शिकवता? इंगरला तो प्रश्नच कळला नाही. “ती माझ्याकडे बघतच राहिली गो,” वासंती मला सांगायची. “तेव्हा मला कळलं, सुमनला खाडीने नाही मारलं.” त्या हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, आमच्या खाडीकाठची पोर पोहायला शिकली. जन्मभर पाणी बघितलेली, आणि पाण्यात उतरली ती सातासमुद्रापलीकडे!

परत आली ती वेगळीच. ताठ चालायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. सत्कार झाले, शाल, श्रीफळ, हार, सगळं झालं. भाषणं ठोकणाऱ्यांना काळजी एकच, ही तिथे काय काय खाऊन आली? उत्तरादाखल ती म्हणाली, “मी पोहायला शिकून आले. आता गावातल्या मुलींना शिकवणार.” कडाडून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला काय लागतं?

तलाव नव्हता, तिथल्यासारख्या तरंगत्या फळ्या नव्हत्या. तिने परसातल्या माडाचे दोन असोले नारळ वाळवले, सुंभाने बांधले आणि खाडीच्या उथळ कडेला पाच-सहा मुलींना घेऊन उतरली. परकर-पोलक्यातल्या त्या पोरी आधी किंचाळल्या, मग हसल्या, मग त्यांतली एक चक्क तरंगली. पंधरवडाभर चाललं. मग देवळात गावकीची बैठक बसली. एक म्हातारा म्हणाला, “पोरी भिजल्या अंगान काठावर उभ्या. उद्या त्यांच्याशी सोयरीक कोण करील?” वासंती म्हणाली, “बुडालेल्या पोरीशी कोण करतो?” तेव्हा तिचाच थोरला भाऊ, दत्तादादा, उठला. “ती आमच्या घरातली हाय,” तो म्हणाला, “उद्यापासून ती पाण्यात उतरणार नाय.” झालं, बैठक उठली. दुसऱ्या दिवशी काठावर एकही मुलगी आली नाही. सुमन त्याचीही बहीण होती, हे मला आजवर गिळता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी गावाने मुलग्यांच्या पोहण्याच्या शर्यती ठेवल्या आणि बक्षिसं द्यायला वासंतीला बोलावलं. ती गेली नाही. बाई परदेशी जाऊन शेफारली, असं म्हणायला लोक मोकळे झाले. ती नारळांची जोडी तिने ओटीवरच्या खुंटीला टांगून ठेवली. येता-जाता त्यांना टिचकी मारायची सवय लागली होती तिला. आत सुकलेला गोटा खुळखुळायचा. मी चिडून म्हणायचे, सोड हे गाव, ये रत्नागिरीला. “मुली इथे आहेत,” एवढंच म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची.

तेराव्याला गेले. ओटीवर तिचा बर्फातला फोटो, त्याला हार. शेजारी खुर्चीवर तिचा तिकडचा लोकरी कोट, नीट घडी करून, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावा म्हणून. बायका कोटाला हात लावून बघत होत्या. मी खुंटीकडे बघितलं. नुसतं सुंभ लोंबत होतं. दत्तादादाच्या ते ध्यानात आलं. “जेवणाला नारळ कमी पडले म्हणून काढले,” तो म्हणाला. “दोन्ही खवट निघाले. वेळेवर फोडले असते तर कामाला तरी आले असते.”

मी ते सुंभ काढून घेतलं आणि न जेवता निघाले. भरती होती. मुलगे धक्क्यावरून धबाधब उड्या टाकत होते. तरीत आम्ही बायका आणि दप्तरं घेतलेल्या दोन लहान मुली, सगळ्या मधोमध दाटीवाटीने बसलो. खाडीच्या मध्यावर होडी जराशी डुलली, तशी शेजारच्या मुलीने माझा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मलाही पोहता येत नाही, हे तिला कुठे माहीत होतं.