उंबऱ्याच्या आत गप्प

माझं दुसरं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं, आणि त्याच आठवड्यात माझी सहा वर्षांची लेक घरात बोलेनाशी झाली. शाळेत बोलायची, रिक्षात बोलायची, जिन्यातसुद्धा तोंड चालू. आमच्या साताऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. पाणी हवं असलं तर भांडं दाखवायची.

"ल्हान हाय ती, इसरंल हळूहळू. तू आदी सवताकडं बघ," सासूबाई म्हणाल्या. त्या वडूजकडच्या. माया लय, पण एकदा सांगून झालं की त्यांच्यापुरता विषय संपला. बाळ कुठं गेलं हे लेकीला त्यांनीच सांगितलं होतं, "देवानं न्हेलं." का नेलं, हे तिनं विचारलं नाही आणि तेच मला खुपत होतं. एरवी डोसा गोलच का असतो, म्हणून डोकं खाणारी पोरगी ती.

मी भडक डोक्याची बाई आहे. गोड बोलून झालं, लाडीगोडी झाली, मग एका संध्याकाळी तिचे खांदे धरून ओरडले, "बोल की गं एकदा! काय झालंय तुला?" तिनं डोळे गच्च मिटले, ओठही. नवऱ्यानं तिला उचलून खाली नेलं. खिडकीतून मला ऐकू आलं, फाटकाशी ती त्याला विचारत होती, "आई पण मरणार आहे का?" मी तिथंच खाली बसले.

अंगात थोडी ताकद आल्यावर तिला घेऊन सांगलीला माहेरी निघाले. एसटीत तिची अखंड बडबड. उसाच्या प्रत्येक ट्रॅक्टरला टाटा, कंडक्टरशी गप्पा. मला वाटलं, सुटलो बाई. माहेरच्या दारात तिनं चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि गप्प झाली. म्हणजे साताऱ्याच्या घराचं काही नव्हतं, तिला कुठलंच घर चालत नव्हतं.

दुपारी जेवताना आई आमटी वाढत जपून म्हणाली, "थोडे दिवस जाऊ देत, मग पुन्हा बघा."

मी ताट सरकवलं. "नकोय मला आता काही. आणि होणारही नाही."

"शुभ बोल गं. वास्तू तथास्तु म्हणत असते."

हे वाक्य आमच्याकडे मिठासारखं रोज लागतं. घरात वाईट बोलू नये, घर ऐकतं आणि तसंच होवो म्हणतं. लेकीला मीही कितीदा तरी असंच गप्प केलं असेल. पण त्या दिवशी ती ताडकन उठली आणि भाताच्या खरकट्या हातानं तिनं माझं तोंड दाबलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

तिला तशीच उचलून मी बाहेर पायरीवर आणलं.

"आता आपण घराबाहेर आहोत. घरात तू काय बोलली होतीस?"

बराच वेळ ती पायरीचा कोपरा नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "माझी गादी आजीच्या खोलीत टाकली ना, बाळ येणार म्हणून. तेव्हा मी म्हटलं, मला नको बाळ. मरू दे." तिला दम लागला. "घर तथास्तु म्हणालं. आता चुकून तुझं काही बोलले तर?"

एवढंसं पोर हे सगळं एकटं घेऊन फिरत होतं. मला रडू आलं आणि त्या वाक्याचा भयंकर रागही आला.

"बाळ पोटात नीट वाढतच नव्हतं," मी म्हटलं. "डॉक्टरांनी मशीनवर बघितलं, त्याचं हृदय थांबलं होतं. कुणी काही बोललं म्हणून नाही."

"पण आजी म्हणते..."

"आजी म्हणते, मीही म्हणते. ते खरं नाही. मी रोज घरात म्हणायचे, बाळ नीट होऊ दे. मग माझं का नाही ऐकलं घरानं?"

ती विचारात पडली. मग उठली आणि एकटीच आत गेली. मी उंबऱ्यात थांबले, पुढं जायचा धीर होईना. मधल्या खोलीत ती पंख्याखाली उभी राहिली, मान वर केली आणि सगळ्या ताकदीनं ओरडली, "बाळ परत येऊ दे!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. लेक कान देऊन उभी होती. पंखा फिरत होता. तिनं कितीतरी वेळ वाट पाहिली.

"ते काहीच ऐकत नाही, आई," ती माझ्याकडे वळून म्हणाली, आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच, घरात, मोठ्यानं रडली.