पाहून दिलेली नोकरी

वडील गेले तेव्हा मी ग्रंथालयात होते. धावड्याहून, आमच्या गावाहून, फोन आला. मी कपाटाला कुलूप लावलं आणि बस स्टँडवर गेले.

वाटभर एकच गोष्ट मनात होती. थोरल्या दोघी बहिणींना वडिलांनी घर पाहून दिलं, तशी मला ही नोकरी पाहून दिली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एम. ए. होऊन घरीच होते. वर्तमानपत्र दुपारच्या एसटीनं यायचं, हॉटेलात सगळ्यांच्या हातांतून फिरायचं आणि संध्याकाळी वडील ते घरी आणायचे. एकदा त्यात विद्यापीठाची जाहिरात होती. वर मराठीच्या अधिव्याख्यात्याची जागा. खाली ग्रंथालय सहायक, लिपिक, शिपाई. मला शिकवायचं होतं.

वडिलांनी जाहिरात दोनदा वाचली. "आधी स्थळ पाहू. मंग अर्ज."

बहिणींच्या वेळी मुलाच्या घरी जाण्याआधी ते त्या गावचं पाणी पीत आणि पारावर बसून चौकशी करत. विद्यापीठाची चौकशी ते कशी करणार, हे मला बघायचंच होतं. हॉटेलवाला तर म्हणालाच, "काका, मानपान काय मागतेत तेबी इचारून या!"

मी बरोबर गेले. विद्यापीठात शिरल्यावर ते मराठी विभागाकडे न जाता नळाकडे गेले. ओंजळीनं पाणी प्याले. "गोडंय," म्हणाले. पाचोळा झाडणाऱ्या एका बाईजवळ थांबले.

"माय, लेकीबाळी टिकतेत का इथं?"

"सासर पाहून राह्यले का काय, बाबा?" ती हसली. "माणसं बरी हायत. दुपारी डुलक्या घेतेत, बस."

विभागातल्या कारकुनानं वडिलांच्या धोतराकडे पाहिलं. "शिपायाचे अर्ज पलीकडच्या ऑफिसात, बाबा."

"मला न्हाई, पोरीला पाह्यजे नोकरी. बायांचा संडास कुठंय?"

कारकून गडबडला. शेजारच्याकडे पाहत म्हणाला, "इथं बाई कुणी नाही. लागलाच नाही कधी." मग त्यानं खिडकीतून ग्रंथालयाची इमारत दाखवली. तिथे होता, मागच्या बाजूला. वडिलांनी मला आत पाठवून नळाला पाणी आहे का ते पाहून यायला सांगितलं. होतं.

परतताना एसटी भोकरदनला थांबली. वडील म्हणाले, "पुस्तकाच्या घरी जा, माय."

"मला शिकवायचंय, दादा."

"दिवसभर पाणी न पिता शिकवशील?"

तरी मी दोन्हीकडे अर्ज केले आणि दोन्ही पाकिटं त्यांनीच पोस्टात टाकली. विभागाकडून बोलावणं आलं नाही. ग्रंथालयानं घेतलं. दुपारच्या डुलक्यांचं त्या बाईनं खरं सांगितलं होतं.

विभागानं घेतलं असतं, तर वडिलांनी मला पाठवलं असतं का? पुस्तकं लावताना हा प्रश्न अधूनमधून यायचा. पुढच्या खेपेला गावी गेल्यावर विचारू, असं म्हणत मी तो ठेवून दिला. ते असणारच, असं मी धरून चालले होते.

परवा थोरलीच्या मुलीचा फोन आला. तिला एका कॉलेजात नोकरीसाठी अर्ज करायचा आहे. तिच्याबरोबर जागा पाहायला जायला आता मी आहे.